दांडीवरची शाल : हुनर घरातला, हिशेब बाजाराचा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण दोन्हीकडच्या घरांतली मजुरी आजही सारखीच आहे. पुरुष राईस मिलमध्ये, शेतावर किंवा दुकानात आणि बाई घरी सुपात तेंदूपान घेऊन बसलेली, हे चित्र पिढ्यान् पिढ्या आपण पाहत आलो. बिडीचा धंदा आता उतरणीला लागला आहे. जे काम उरले आहे त्यात तंबाखूची धूळ छातीत जाते आणि मजुरी हजारी बिडीवर ठरते. अशा वेळी घरी बसून दुसरे कोणते हलाल काम करता येईल, असा प्रश्न अनेक बहिणी विचारतात. शिवणयंत्र हे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रत्येक मोहल्ल्यात शिवणाऱ्या इतक्या झाल्या आहेत की ब्लाऊजची शिलाई वर्षानुवर्षे तिथेच अडकली आहे.

या लेखात क्रोशाच्या एका खास प्रकाराची माहिती देत आहे. आपल्या घरांत क्रोशिया नवा नाही. नमाजची जाळीदार टोपी, रेहलवर अंथरायचा रुमाल, दुपट्ट्याची किनार, जहेजात द्यायच्या उशीच्या खोळी, हे सारे आपल्या खाला-फुफ्यांनी एका लहानशा आकड्याच्या सुईवर विणले आहे. त्याच सुईच्या जोडीला एक जाड दांडी घेतली की कमी वेळात मोठी, हलकी आणि दिसायला भारी अशी शाल तयार होते. इंग्रजीत या कामाला ब्रूमस्टिक लेस, म्हणजे झाडूच्या दांड्यावरची लेस, असे नाव आहे. काम कसे करायचे ते सांगतोच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे या कामातून मिळणारा पैसा कोणाच्या हातात राहील, हे काम सुरू होण्याआधी ठरले पाहिजे.

हे काम नेमके काय आहे

साध्या क्रोशात सुईवर एका वेळी एक-दोनच फास असतात. या प्रकारात एका ओळीतले सगळे फास ओढून एका जाड दांडीवर चढवले जातात. मग पाच-पाच फासांची जुडी करून त्यांच्या पोटात टाके घातले जातात. दांडी निघाली की प्रत्येक जुडी पीळ घेऊन डोळ्यासारखी दिसते. म्हणून काही ठिकाणी याला मोराच्या डोळ्याचे विणकामही म्हणतात.

पश्चिमेकडच्या गृहिणींना जाड सुया मिळत नसत, तेव्हा त्यांनी घरातल्या लाकडी झाडूचा गोल दांडा वापरला. नाव तिथूनच आले. आपल्याकडच्या फुलझाडूचा दांडा मात्र या कामाचा नाही. तो एकसारखा गोल नसतो आणि त्याला धागा अडकतो.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट अशी की खरा क्रोशा आजही यंत्रावर होत नाही. बाजारात ‘क्रोशे मशीन’ची लेस मिळते, पण ते यंत्र वेगळ्या पद्धतीने धागे गुंफून फक्त क्रोशासारखा दिसणारा माल काढते. नागपूरचे मोमिनपुरा आणि कामठी ही मोमीन विणकरांची जुनी ठाणी. १८७७ मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले, आणि हातमागाचे काम घराघरातून निघून गेले. हाताचा हुनर यंत्राने कसा गिळला हे आपल्या बिरादरीला कोणी समजावून सांगायची गरज नाही. क्रोशाला ते भय तूर्त नाही. त्याला भय आहे ते स्वस्त मजुरीचे. त्याकडे पुढे येतो.

दांडी कशी असावी

बाहेरच्या देशांत या कामासाठी खास दांड्या विकत मिळतात. एक टोक निमुळते, दुसऱ्या टोकाला गोल मूठ, आणि अंग काचेसारखे गुळगुळीत. अशी दांडी आपल्याकडचा खरादी सहज करून देऊ शकतो. त्याला पुढील गोष्टी नीट सांगाव्यात.

जाडी : शालीसाठी २५ मिलिमीटर. बाळाच्या शालीला किंवा बारीक नक्षीला २० मिलिमीटर चालेल.

लांबी : ४० सेंटिमीटर. यात सुमारे ९० फास दाटीने मावतात.

टोक : पेन्सिलीसारखे निमुळते, पण टोचणार नाही असे. फास इथूनच चढतात आणि इथूनच उतरतात.

मूठ : दुसऱ्या टोकाला दांडीहून जाड गोळा, म्हणजे फास मागून निसटत नाहीत.

खाच : दांडीच्या एका अंगाला टोकापासून मुठीपर्यंत बोटाच्या नखाएवढी उथळ खाच ठेवावी. फास दांडीवर असतानाच त्यांच्या खालून सुई घालता येते. नव्या बाईची निम्मी अडचण इथेच संपते. खाचेच्या कडा मात्र घासून गोल केलेल्या हव्यात.

लाकूड साग किंवा शिसम घ्यावे. बारीक पॉलिश कागदाने घासून मेण चोळावे. चिकट वार्निश लावू नये, लोकर अडकते. सागाची अशी दांडी शंभर-सव्वाशे ग्रॅम भरते आणि दिवसभर धरली तर मनगट दुखते. म्हणून ती मांडीवर टेकवून किंवा काखेत धरून काम करावे. शिकण्यापुरती वायरिंगची २५ मिलिमीटरची प्लास्टिक नळीही चालते. हार्डवेअरच्या दुकानातून हातभर तुकडा कापून आणा आणि कडा घासून घ्या, बस. आपल्या जंगलातला मानवेल बांबू हलका पडतो, पण तो एका टोकाकडे निमुळता होत जातो आणि मध्ये गाठ येते. दोन गाठींमधला सरळ तुकडा मिळाला तरच घ्यावा.

जाडी सगळ्यांची सारखीच हवी, असे मी का म्हणतो ते आकड्यांत पाहा. २५ मिलिमीटर दांडीचा घेर साधारण ७८ मिलिमीटर असतो. दांडी काढल्यावर फास चपटा होतो, म्हणजे त्याची उंची निम्मी, ३९ मिलिमीटर राहते. आता एका बाईकडे २५ ची आणि दुसरीकडे २७ ची दांडी असेल तर प्रत्येक ओळीत सुमारे तीन मिलिमीटर फरक पडतो. पन्नास ओळींत तो १५ सेंटिमीटरच्या वर जातो. एकाच मालाच्या दोन शाली वीतभर लहान-मोठ्या निघाल्या तर दुकानदार गठ्ठा परत करतो. म्हणून गटाने लोहाराकडून किंवा वर्कशॉपमधून २५ मिलिमीटर भोकाची एक लोखंडी कडी करून घ्यावी. जी दांडी त्या कडीतून ढिली न होता बरोबर सरकेल, तीच कामाला घ्यावी.

शाल विणण्याची रीत

लागणारे सामान : चारपदरी लोकर, साडेचार ते पाच मिलिमीटरची क्रोशाची सुई, दांडी, कात्री, टेप आणि बोथट टोकाची शिवणसुई. इथे १८० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद शालीचे माप धरले आहे. रीत उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी दिली आहे. डावखुऱ्या बहिणींनी दिशा उलट समजाव्यात.

पहिली पायरी. ९० साखळ्या घाला. नक्षी पाचाच्या पटीत असते, म्हणून संख्या पाचाने भागली गेलीच पाहिजे. साखळी सैल हवी. घट्ट घातली तर शालीचे ते टोक आखडते. हात घट्ट असेल तर साखळीपुरती एक नंबर मोठी सुई घ्या. त्यावर मुक्या खांबांची एक ओळ उजवीकडून डावीकडे घाला. ओळ संपेल तेव्हा ९० मुके खांब मोजून पाहा.

दुसरी पायरी, फास चढवणे. काम उलटवू नका. दांडी डाव्या हाताला घ्या, मूठ डावीकडे, टोक उजवीकडे. सुईवर जो शेवटचा फास आहे तो ओढून मोठा करा आणि दांडीवर चढवा. हा पहिला फास. आता त्याच्या उजवीकडच्या मुक्या खांबात सुई घाला, धागा ओढून लांब फास काढा आणि दांडीवर चढवा. असे डावीकडून उजवीकडे जात प्रत्येक खांबातून एकेक फास काढा. शेवटी दांडीवर ९० फास भरले पाहिजेत. फास दांडीला लागून असावा, पण आवळलेला नसावा. दांडी थोडी फिरवली तर ती फासांतून मोकळी फिरली पाहिजे.

तिसरी पायरी, डोळे बांधणे. आता उजवीकडून डावीकडे यायचे. टोकाजवळच्या पहिल्या पाच फासांखालून एकदम सुई घाला, धागा ओढून बाहेर काढा आणि एक साखळी घालून तो बांधा. मग त्याच पाच फासांच्या पोटात पाच मुके खांब घाला. ती जुडी दांडीवरून उतरवा. पुढचे पाच फास घ्या, त्यांच्या पोटात पाच मुके खांब. असे शेवटपर्यंत. ९० फासांचे १८ डोळे होतील आणि पुन्हा ९० मुके खांब मिळतील. पाच फास गेले, पाच खांब आले, म्हणून रुंदी वाढतही नाही आणि घटतही नाही.

या दोन फेऱ्या मिळून नक्षीची एक ओळ होते. तिची उंची साडेतीन ते चार सेंटिमीटर भरते. दुसरी आणि तिसरी पायरी पुन्हा पुन्हा करत गेले की साधारण पन्नास ओळींत शाल पूर्ण होते. शेवटी मुक्या खांबांचीच ओळ राहील असे पाहा. धाग्याची टोके आठ-दहा सेंटिमीटर ठेवून शिवणसुईने टाक्यांच्या आत लपवा. टोकाला नुसती गाठ मारून कापू नका, पहिल्याच धुण्यात ती सुटते. दोन्ही टोकांना झालर लावायची असेल तर सगळे धागे एका पुठ्ठ्यावर गुंडाळून एकाच मापाचे कापा.

नव्या हातांकडून चार चुका हमखास होतात. शेवटच्या खांबातला फास विसरला जातो आणि शाल हळूहळू अरुंद होत जाते. उपाय एकच, दर ओळीला १८ डोळे मोजायचे. दुसरी चूक पाचऐवजी चार किंवा सहा फास एकत्र घेण्याची. तिसरी, नवा गुंडा ओळीच्या मध्येच जोडण्याची. जोड नेहमी काठावर घ्यावा. चौथी चूक हाताच्या ओढीची. सकाळी ताज्या हाताने विणलेले आणि रात्री थकून विणलेले यात फरक दिसतो. डोळ्यांना आणि मनगटालाही विसावा हवा. दीड-दोन तासांनी उठून हात मोकळे करावेत. दिवसाच्या उजेडात काम करावे, निदान काळी आणि गडद निळी शाल तरी रात्री घेऊ नये.

लोकर कोणती घ्यावी

सुरुवात ॲक्रिलिक लोकरीनेच करावी. ती लुधियानाहून येते, नागपूरच्या इतवारी-गांधीबागेत ठोकात मिळते, धुतल्यावर आटत नाही आणि बिघडले तर उसवून पुन्हा वापरता येते. घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एका शालीची सगळी लोकर एकाच रंगघाणीची घ्यावी. वेष्टणावर तिचा क्रमांक असतो. तोच रंग दुसऱ्या घाणीचा घेतला तर शालीच्या मध्ये पट्टा उमटतो आणि तो उन्हातच दिसतो, दुकानाच्या दिव्यात दिसत नाही. तयार शालीवर गरम इस्त्री कधीही फिरवू नये. ॲक्रिलिक चपटे आणि निर्जीव होते. कोमट पाण्यात धुवून, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सपाट जागी मापाप्रमाणे ओढून सुकवावी.

हात बसल्यावर आपल्याच मुलखातल्या धाग्याचा विचार करावा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा होतो. ढिवर समाजाची कुटुंबे हे काम पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत. कोशातून हाताने काढलेला जाडसर घिच्चा धागा आणि त्याचा मूळचा मधासारखा रंग या डोळ्यांच्या नक्षीला शोभतो. मात्र कोशाच्या धाग्याला लोकरीसारखी लवचीकता नाही. टाका सैल-घट्ट झाला तर तो लपत नाही आणि माल महाग असल्याने बिघाड परवडत नाही. म्हणून आधी लोकरीच्या दहा शाली नीट उतरू द्या, मग कोशाला हात लावा. पहिले काम अंगभर शालीचे न घेता गळ्यातल्या पट्टीचे घ्या.

एका शालीचा हिशेब

आता धंद्याची गोष्ट. १८ डोळे आणि ५० ओळी, म्हणजे एका शालीत ९०० डोळे. प्रत्येक डोळ्यात पाच फास आणि पाच मुके खांब. ४५०० फास आणि ४५०० खांब, एकूण ९००० वेळा सुई चालते. सरावलेला हात एका वेळेला चार सेकंद घेतो असे धरले तर दहा तास होतात. मोजणी, जोड, टोके लपवणे, झालर आणि धुणे यांचे चार तास धरा. एकूण १४ तास.

पुढचे भाव केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या बाजाराचे आकडे आपण त्या जागी घालावेत. समजा लोकर ६०० रुपये किलो आहे आणि शालीला ३०० ग्रॅम लागली. लोकरीचे १८० रुपये. तुटफूट २० रुपये. धुणे आणि पिशवी ४० रुपये. मजुरी ताशी ५० रुपयांनी १४ तासांचे ७०० रुपये. एकूण ९४० रुपये. त्यावर भांडवल लावणाऱ्याचा पाचवा हिस्सा १८८ रुपये. म्हणजे ही शाल अकराशे-साडेअकराशे रुपयांच्या खाली दुकानदाराला देता येत नाही.

बरेच व्यापारी उलट्या बाजूने मोजतात. बाजारात यंत्राची ॲक्रिलिक शाल तीनशेला मिळते, मग ही फार तर चारशेला खपेल, लोकर आणि नफा वजा करून बाईला शंभर-दीडशे देऊ. १४ तासांचे १५० रुपये म्हणजे तासाला अकरा रुपयेही नाहीत. बाई ते घेते, कारण घरी बसल्या जागी मिळतात आणि तास मोजायची तिला सवय नसते. पण सहा महिन्यांत चांगला हात असलेली बाई काम सोडते आणि व्यापाऱ्याकडे कच्चा हात उरतो. माल उतरतो, भाव आणखी पडतो, आणि शेवटी सगळे म्हणतात की या धंद्यात दम नव्हता.

म्हणून हिशेब बाईच्या तासापासून सुरू करावा. तास कसा ठरवायचा? सरकारने आपल्या भागासाठी ठरवलेली किमान रोजंदारी घ्या, तिला आठाने भागा. त्याखाली जाऊ नका. त्या हिशेबाने निघालेल्या किमतीला गिऱ्हाईक नसेल, तर तो नमुना त्या बाजारासाठी करूच नये. लहान वस्तू करावी किंवा दुसरा बाजार शोधावा.

दांडीचा प्रश्नही इथेच येतो. साध्या क्रोशापेक्षा दांडीवर काम लवकर होते, आणि हात बसला की १४ तासांची शाल दहा तासांत उतरते. वाचलेले चार तास कोणाचे? व्यापारी लगेच मजुरी ७०० वरून ५०० वर आणतो, म्हणजे ते चार तास त्याच्या गल्ल्यात गेले. नगाचा दर तोच ठेवला तर बाईचा तास ५० वरून ७० वर जातो आणि तिला काम सुधारण्याची उमेद येते. हुनर तिच्या हाताचा आहे. वेगाचा लाभही आधी तिलाच मिळावा. निदान एका हंगामात तरी दर खाली आणणार नाही, असे व्यापाऱ्याने आधीच सांगावे.

नरसापूरचा धडा

हे भय कल्पनेतले नाही. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातले नरसापूर क्रोशाच्या लेससाठी जगभर प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडहून आलेल्या एका मिशनरी दांपत्याने त्या भागातल्या बायकांना हे काम शिकवले. पुढे ते गावोगाव पसरले आणि माल परदेशी जाऊ लागला. विणणाऱ्या बायकांमध्ये गोशा पाळणाऱ्या, म्हणजे घराबाहेर मजुरीला न जाणाऱ्या, कुटुंबांतल्या बायका मोठ्या संख्येने होत्या.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी दाखवले ते असे : बाई दिवसाचे कित्येक तास विणत होती, तरी तिला कोणी कामगार म्हणत नव्हते. ती गृहिणी आहे, फावल्या वेळात हात चालवते, असे व्यापारी म्हणत, घरचे पुरुष म्हणत आणि तीही तसेच मानत असे. कामगार नाही म्हणून मजुरी नगावर, तीही अगदी थोडी. माल कुठे जातो आणि किती भावाला विकला जातो हे तिला ठाऊक नव्हते. मध्ये दलाल आणि निर्यातदार यांची साखळी होती आणि पैसा त्या साखळीत राहत होता. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण गावाचे नाव होणे वेगळे आणि विणणारीच्या हातात दाम पडणे वेगळे.

आपल्या बिडीशी तुलना करून पाहा. बिडीच्या धंद्याचे दोष कमी नाहीत. तरी १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हणून मानले. त्या आधारावर ओळखपत्र आणि भविष्य निर्वाह निधी मागता आला. क्रोशा विणणाऱ्या बाईमागे असे काही नसते. म्हणून बिडीतून क्रोशात येताना तिच्याकडून आहे तेही सुटू नये याचा विचार आपण केला पाहिजे. आणखी एक. घरात काम आले की मुलीच्या हातात सुई जाते आणि दप्तर बाजूला पडते. शाळा सुटल्यावर मुलगी आवडीने शिकली तर उत्तमच. पण तिच्या शाळेचे तास विकून कोणी ऑर्डर पूर्ण करू नये.

सौदा आधीच साफ असावा

आपला दीन या बाबतीत गप्प नाही. मजुरी वेळेवर देण्याबाबत प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद आपल्या सर्वांना ठाऊक आहे. फिकहच्या किताबांत अशा कामाचे वेगवेगळे प्रकार दिले आहेत आणि ते इथे बरोबर लागू पडतात.

व्यापारी लोकर देतो आणि बाई विणून देते, तेव्हा तो इजाऱ्याचा सौदा होतो. लोकर व्यापाऱ्याची, बाईचा फक्त श्रम. यात उजरत, म्हणजे मजुरी, काम सुरू होण्याआधी ठरली पाहिजे. ‘आधी विणून आण, मग बघू’ हे बरोबर नाही. लोकर देताना आणि शाल घेताना दोन्ही वेळा वजन करून वहीत लिहावे, म्हणजे लोकर कमी भरल्याचा वाद होत नाही.

लोकर बाईची आणि व्यापारी तयार शालीची ऑर्डर देतो, तेव्हा तो इस्तिस्ना. यात माप, रंग, लोकरीचा प्रकार, किंमत आणि शक्यतो तारीख ठरवून घ्यावी. ठरल्याप्रमाणे माल झाला तर व्यापाऱ्याने तो नाकारणे योग्य नाही. थोडी रक्कम आगाऊ देता येते, आणि द्यावी, कारण लोकर घ्यायला बाईकडे पैसा नसतो.

तिसरी वाट मुदारबतीची. एकाने भांडवल लावायचे, दुसऱ्याने मेहनत करायची आणि नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटायचा. मेहनत करणाऱ्याची कसूर नसताना तोटा झाला तर पैशाचा तोटा भांडवलवाल्याचा, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया गेली हाच त्याचा तोटा. व्याजाचे कर्ज टाळू पाहणाऱ्या गटांना ही वाट सोयीची आहे. बारकावे आपल्या भागातल्या आलिमांना विचारून घ्यावेत.

सौदा कोणताही असो, दोन वह्या ठेवाव्यात. एक व्यापाऱ्याकडे, एक बाईकडे. दोन्हीत तारीख, वजन, नग, दर आणि दिलेली रक्कम. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा.

माल कुठे विकावा

यंत्राच्या शालीच्या शेजारी ही शाल ठेवू नये. तिथे ती भावातच हरते. थंडीच्या शालीचे गिऱ्हाईक ऊब पाहते आणि ही जाळीदार शाल कडाक्याच्या थंडीची नाही. हिचा बाजार वेगळा आहे : लग्नातला आहेर, ईदची भेट, बाळंतपणाची भेट, सत्काराची शाल, मोठ्या शहरातल्या हस्तकलेच्या दुकानांचे गिऱ्हाईक. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचे जंक्शन आहे आणि शाल हलकी असते. नागपूरच काय, रायपूर आणि मुंबईलाही माल पाठवणे अवघड नाही.

गट करून काम करणाऱ्यांनी चार गोष्टी वेळीच कराव्यात. विणणाऱ्या प्रत्येक बाईने हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून मिळणाऱ्या पहचान कार्डासाठी अर्ज करावा. कारागीर म्हणून तिची नोंद होण्याचा तो मार्ग आहे. धंदा ज्याच्या नावावर असेल त्याने उद्यम नोंदणी करावी. महिला आर्थिक विकास महामंडळाचे, म्हणजे माविमचे, आणि उमेदचे बचत गट जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडे महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांची चौकशी करावी. आणि कराचे नियम बदलत असतात, म्हणून बिल फाडण्याआधी आपल्या हिशेबनिसाला एकदा विचारावे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांच्या यादीत शिंपी आणि सुतार आहेत, क्रोशा नाही. कोणी त्या नावावर फॉर्मचे पैसे मागत असेल तर सावध राहावे.

सुरुवात लहान करावी. पाच बायका, पाच सारख्या दांड्या, एक माप-कडी आणि दोन रंग. पहिल्या महिन्यात प्रत्येकीने एक शाल विणावी आणि घड्याळ लावून तास लिहून ठेवावेत. पाच जणींच्या तासांची सरासरी काढा, लोकरीचे वजन करा, मग भाव ठरवा आणि तो भाव घेऊन गिऱ्हाईकाकडे जा. मोठी ऑर्डर मिळते म्हणून एकदम पन्नास बायकांना लोकर वाटू नका. कच्च्या हाताचा पन्नास शालींचा गठ्ठा परत आला की भांडवलही जाते आणि बायकांचा विश्वासही.

आपल्या बिरादरीत माल घेणारा आणि विणणारी पुष्कळदा एकाच मोहल्ल्यात, एकाच मशिदीच्या आसपास राहतात. हिशेब साफ ठेवणे इथे सोपेही आहे आणि जास्त जरुरीचेही. खरादी दांडी करील, व्यापारी बाजार शोधील, बाई विणील. तिघांनाही आपापला वाटा वेळेवर मिळाला तर या कामात इन्शाअल्लाह बरकतच आहे.